झाकण उघडणारा डबा

मी संगणकतज्ज्ञ नाही. पण ‘मेल बघितली, बंद केला’ या पंथातलाही नाही. घरातल्या लग्नामुंजींचे व्हिडिओ मीच कापतो-जोडतो, सोसायटीचे हिशेब माझ्याकडे, आणि नातेवाइकांत कुणाचाही प्रिंटर रुसला की फोन मलाच. अशा माणसाची मागणी साधी असते: मध्यम आकाराचा, मध्यम किमतीचा डबा, चार स्क्रू काढले की झाकण उघडणारा. आत काही करायचं असतंच असं नाही. पण उघडलं पाहिजे.

अ‍ॅपलनं नेमका हा डबा सोडून बाकी सगळं काढलं. १९९७ साली परतलेल्या स्टीव्ह जॉब्जनी मॉडेलांचं जंगल तोडून चार चौकोन आखले: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचे आणि मांडीवरचे. आमची जमात बरोब्बर मधल्या रेषेवर उभी होती.

२००५ साली मॅक मिनी आला. किंमत ४९९ डॉलर. कीबोर्ड, माऊस, पडदा आपापला आणा. तो उघडायला मात्र रंगाऱ्याची लांबी भरायची पट्टी लागे. तरी बरं, उघडत तरी होता. २०१४ च्या मिनीत रॅम थेट बोर्डावरच डकवली, आणि पुढचा मिनी यायला चार वर्षं गेली. २७ इंची आयमॅकच्या पाठीला रॅमसाठी एक चिमुकलं दार होतं. २०२२ च्या मार्चमध्ये तो आयमॅकच निवृत्त झाला. त्याच्या जागी मॅक स्टुडिओ, १९९९ डॉलर. पडदा वेगळा, १५९९. तो वरखाली करायचा असेल तर आणखी ४००. मान वरखाली करणं अजून फुकट आहे.

आणि मग मॅक प्रो! २०१९ चा, ५९९९ डॉलरपासून पुढे. वरची मूठ फिरवली की अख्खं कवच अलगद वर येतं. अहाहा! २०२३ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, ६९९९ डॉलरची. कवच तसंच निघतं, आत खाचाही आहेत. पण ग्राफिक्स कार्ड चालत नाही आणि रॅम वाढवता येत नाही. म्हणजे उघडा, दर्शन घ्या, मिटा.

कंपनीचं गणित मला कळतं. मधला डबा काढला तर तो वरच्याचंही गिऱ्हाईक खाणार आणि खालच्याचंही. शिवाय आम्ही डिस्क बदलत, पंख्यावरची धूळ फुंकत तोच डबा दहा वर्षं रेटणार. आमच्यासारख्यांच्या जिवावर कॅलिफोर्नियात गोल इमारती उभ्या राहत नाहीत.

मॅक प्रोला चाकंही मिळत. २०२० साली त्यांचा सुटा संच ६९९ डॉलरला निघाला, आणि त्याच वर्षी नवा मॅक मिनीही ६९९ लाच. चाकांना ब्रेक नव्हते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग चाकंच घे. गोदरेजच्या कपाटाखाली लावू, दिवाळीत मागचा केर तरी निघेल.”