कोंब हिरवा आहे

जानेवारीत पहाटे पाचला फोन वाजला की परदेशात राहणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. गावाकडून आता काय ऐकायला मिळणार, ह्या धास्तीनं आपण चाचपडत फोन उचलतो. आमच्या घरात मात्र असा फोन आला की बायको कूस बदलून म्हणते, "माडकाका असतील. थर्मामीटर बघा, सांगा आणि झोपा."

आणि माडकाकाच असतात. नमस्कार नाही की चमत्कार नाही.

"तुमच्याकडे किती?"

"अकरा."

"आमच्याकडे तेरा!" पलीकडून विजयी आवाज येतो. "अरे, तुझं घर खळग्यात आहे. गार हवा जड. ती पाण्यासारखी उताराला लागते नि तुझ्या अंगणात येऊन बसते. घर घेताना बघायला हवं होतंस."

हे आकडे फॅरनहाइटचे. म्हणजे पाण्याचा बर्फ होऊन वर त्या बर्फालाही हुडहुडी भरेल अशी थंडी. घर घेताना मी शाळा बघितली, स्टेशन किती लांब ते बघितलं, पावसात तळघरात पाणी येतं का तेही विचारलं. गार हवा कुठं येऊन बसते, हे विचारायचं राहूनच गेलं.

न्यू जर्सीच्या मध्यावर, ओक ट्री रोडच्या देशी बाजारापासून दहा मिनिटांवर, हा गृहस्थ परसात माड वाढवतो. मूळ गुहागरचा. वडिलांची समुद्राला टेकलेली वाडी, तीत माड आणि पोफळी. स्वतः मात्र आयुष्यभर अमेरिकेतल्या पुलांची गणितं करून निवृत्त झाले. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कुणी नागपुरात हापूस लावून बसतो, कुणी पुण्यात गच्चीवरच्या पिंपात सफरचंद लावून त्याला फ्रीजमधला बर्फ घालतो. जिथं जे येत नाही तिथं तेच लावायचं, हा ह्या जातीचा बाणा.

सुरुवातीला काकांनी खरा नारळच रुजवला होता. दिवाणखान्यात, मोठ्या कुंडीत. नारळाला गारठा सोसत नाही, म्हणून थंडीत तो सोफ्याशेजारी बसून टीव्ही बघायचा. दुसऱ्या फेब्रुवारीत हीटरच्या कोरड्या हवेनं तो गेला. "सुतक धरायचं का, एवढंच ह्यांना विचारायचं राहिलं होतं," असं काकू सांगतात.

मग काकांना विंडमिल पामचा शोध लागला. आता हा काही माड नव्हे. पान पंख्यासारखं, म्हणजे नातं लावायचंच तर ताडाशी लागेल. हे मी एकदा चुकून बोलून गेलो.

"परदेशात चुलतभाऊसुद्धा सख्खा असतो," काका म्हणाले. "आणि हे बघ." माझा हात धरून त्यांनी तो खोडावर ठेवला. खोडाभोवती दाट, तपकिरी, केसाळ काथ्या होता. "सुंभ! चीन-जपानात ह्याचे दोर वळतात, केरसुण्या करतात. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

ह्याच काथ्याची त्यांनी एकदा केरसुणी बांधली. ती जेवढा केर काढते त्याहून जास्त घालते, असा काकूंचा अनुभव आहे.

काकांकडे गेलं की चहाआधी माडदर्शन. बूट काढलेले असले तर परत घालायचे. बर्फ असला तर फावड्यानं काढलेल्या पायवाटेनं एकामागून एक चालायचं. हे देवस्थान दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला लागून आहे. वीट दिवसा ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू सोडते. ती जागा घरबांधणीच्या नकाशात पार्किंगची होती. गाडी आता रस्त्यावर असते.

तिथं उभं राहून स्थलपुराण ऐकायचं. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४९ साली ह्या झाडाची रोपं चीनमधून इंग्लंडला पाठवली. काही क्यूच्या बागेत गेली, एक राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये गेलं. हाच इसम पुढं चहाची रोपं चीनमधून लपूनछपून काढून हिंदुस्थानात घेऊन गेला. "म्हणजे आता घरात जाऊन तू जो चहा घेणार, त्यातही ह्याचा हात आहे," असं म्हणून काका थांबतात. पाहुण्याचे पाय बर्फात बधिर झालेले असतात आणि चहाचा उल्लेख ऐकून तो घराकडं वळतो. पण तेवढ्यात कुमाऊँ सुरू होतं. पिथौरागढजवळच्या थळकेदारच्या डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर, ह्याचा सख्खा हिंदुस्थानी भाऊ रानात वाढतो, त्याच्यावर बर्फ पडतो आणि तो मजेत असतो. "आहेस कुठं! हिमालयात माड आहे आपला!"

कोपऱ्यात एक बुटकं, काटेरी झुडूप असतं. तो नीडल पाम, मूळचा अमेरिकेच्याच आग्नेय भागातला. थंडी सोसण्यात सगळ्या पामांत ह्याचा हात धरणारा कोणी नाही, असं जाणकार मानतात. उणे वीस सेल्सिअसलाही तो दाद देत नाही. पण काकांचा त्याच्यावर जीव नाही. "त्याला काही करावंच लागत नाही रे," असं ते म्हणतात. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं हिवाळ्यातल्या नीचांकावरून देशाचे १३ विभाग पाडले आहेत. आपल्याकडं लग्न जमवताना रास विचारतात, तसं काका नव्या माणसाला विचारतात, "तुमचा झोन कोणता?" त्यांचा स्वतःचा आधी सात-अ. म्हणजे वर्षातली सर्वांत गार रात्र सरासरीनं शून्य ते पाच अंश फॅरनहाइटची. ह्यातला 'सरासरी' हा शब्द काकांनी आयुष्यभर पुलांच्या गणितात पाळला आणि परसात कधीच मानला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये खात्यानं नवा नकाशा काढला. जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पायरीनं उबदार निघाला आणि त्यात काकांचं परस सात-ब मध्ये गेलं. तापमानवाढीच्या बातमीनं जग चिंतेत असताना आमच्याकडं एक मनुष्य बढती मिळाल्यासारखा हिंडत होता. मग स्वतःच ओशाळून म्हणाला, "वाईटच आहे म्हणा ते. पण पाच अंश म्हणजे पाच अंश."

खरा सोहळा डिसेंबरात. झावळ्या (काकांचा शब्द; आपण पंखे म्हणू) सुतळीनं वर बांधायच्या, बुंध्याशी ढोपरभर पालापाचोळा लोटायचा, खोडाला दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या, वर गोणपाट आणि बाहेरून फोमच्या तक्त्यांची पेटी. तक्ते गुलाबी रंगाचे असतात आणि इथल्या मराठी मंडळातल्या सर्वांच्या ओळखीचे, कारण सप्टेंबरात त्यांचंच मखर होतं. गणपतीची कमान जानेवारीत माडाला थंडीपासून राखते. विसर्जनानंतर कोणी तक्त्याला टाचणीचं भोक पाडलेलं दिसलं की काका कळवळतात, "इथून वारा शिरतो रे."

दिव्यांच्या माळाही साध्या नव्हेत. हल्लीचे एलईडी थंड असतात, उपयोगाचे नाहीत. जुने, जाडे, हाताला चटका देणारे नाताळचे बल्ब पाहिजेत. त्यासाठी काका उन्हाळाभर लोकांच्या गॅरेज सेलला जातात. शेजारच्या अमेरिकन आजींची अनेक वर्षं अशी समजूत होती, की हे हिंदू गृहस्थ इतके भाविक, की नाताळचे दिवे मार्चपर्यंत उतरवत नाहीत. खरं कळल्यावर त्यांनी माळ्यावरचा दिवंगत यजमानांचा सगळा बल्बसाठा आणून दिला. "हे त्यालाही आवडलं असतं," एवढंच म्हणाल्या. काकांनी त्या माळा सगळ्यात आत, कोंबाजवळ लावल्या.

काकूंची तक्रार तापमानाबद्दलच आहे, पण घरातल्या. "आम्हाला सांगतात, हीटर पासष्टच्या वर नेऊ नका, स्वेटर घाला. आणि तिकडं त्याला बल्ब, गोणपाट आणि वर माझ्या आईनं शिवलेली गोधडी!" गोधडीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

ते घडलं ७ जानेवारी २०१४ च्या आदल्या रात्री. टीव्हीवर सगळीकडं 'पोलर व्होर्टेक्स' चाललेलं. सकाळी न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात ४ अंश फॅरनहाइट नोंदले गेले, म्हणजे उणे साडेपंधरा सेल्सिअस, त्या तारखेचा १८९६ पासूनचा विक्रम मोडला. आणि नेमकं रात्री काकांच्या गॅरेजमधलं बटण ट्रिप होऊन माळा विझल्या. तीनला जाग आली तेव्हा त्यांनी अंगावरची गोधडी उचलली आणि बाहेर धाव घेतली. ती गोधडी दोघांच्या अंगावर होती.

मार्चमध्ये पेटी उघडायला त्यांनी मला बोलावलं. पंखे तपकिरी पडले होते, पण त्याचं काही नाही. ह्या झाडाला वाढीचा कोंब एकच. तो शेंड्याच्या गाभ्यात बसलेला असतो. पानं गेली तर येतात. कोंब गेला की झाड संपलं, खालून दुसरा फुटवा नाही. काकांनी हातमोजा काढला, मधलं न उमललेलं पान दोन बोटांत धरलं आणि नाडी बघावी तसं अलगद ओढलं. जिवंत पान हलत नाही. हे पान पेढ्यातल्या काडीसारखं सरळ वर आलं. खालचं टोक मऊ, करडं, आणि कुजक्या कांद्यासारखा वास.

काका काही बोलले नाहीत. गॅरेजमधून प्लास्टिकची बादली आणली. (धातूची चालत नाही, मोरचूद ती खातं.) शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, दहा लिटर पाणी. वडील पोफळीच्या कोळेरोगावर मारायचे तेच बोर्डो मिश्रण. मग काकूंची भाजीची सुरी त्यात बुडवली. तांबूस झाली तर चुना कमी पडला. झाली. आणखी चुना. परत सुरी. स्वच्छ निघाली, तसं ते आभाळी रंगाचं पाणी त्यांनी कपानं त्या पोकळ गाभ्यात ओतलं. कप माझा होता. माझा चहा त्यांनी आधी कुंपणाशी ओतून टाकला होता.

जूनच्या मध्यावर फोन आला. "ये." गाभ्यातून बोटभर काहीतरी वर आलं होतं. वेडंवाकडं, टोक कात्रीनं कापल्यासारखं तुटकं. पण हिरवं.

"कोंब हिरवा आहे ना?" काका म्हणाले. "मग झालं."

हे वाक्य ते तेव्हापासून सगळीकडं वापरतात. कोणाच्या मुलाला कमी मार्क पडले, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मंडळात निवडणुकीवरून दोन तट पडले, की कोंब हिरवा आहे ना, मग झालं. माझी नोकरी गेली तेव्हा चौघांनी मला लिंक पाठवल्या आणि तिघांनी पुस्तकं सुचवली. काका आले, खुर्चीवर बसले, माझ्याकडं जरा वेळ निरखून बघितलं आणि हेच वाक्य बोलून गेले. मला वाटतं, त्यांनी तेव्हा खरंच तपासून बघितलं होतं.

२०२२ च्या मे महिन्यात माडाला पोय आली. पिवळीधमक, भरगच्च. काकांनी पेढे वाटले, गुहागरला व्हिडिओ पाठवला. निळसर-काळी फळं धरतील, त्यांची रोपं करू, प्रत्येक मराठी घरी एक देऊ, अशी यादीही झाली. पण ह्या जातीत नर आणि मादी झाडं सहसा वेगवेगळी असतात. हा नर निघाला. "अकरा वर्षं ह्यांनी त्याची बाळंतपणं केली," काकू म्हणाल्या, "आणि तो निघाला पुरुष." गुहागरहून धाकट्या भावाचं उत्तर आलं: छान आहे, इथं माडावर चढायला माणूस मिळत नाही, म्हणून आपण दोन माड तोडून गाडीला जागा केली. काकांनी तो फोन पालथा ठेवला. परसात माडासाठी गाडी बाहेर काढलेला माणूस तो.

तशात मी एक आगाऊपणा केला. स्वित्झर्लंडनं सप्टेंबर २०२४ पासून ह्याच झाडाच्या विक्रीवर बंदी घातल्याची बातमी त्यांना दाखवली. तिकडं दक्षिणेकडच्या तिचिनोत ते रानात इतकं माजलंय, की मूळच्या झाडांना जागा उरेना. मला वाटलं, काका खूश होतील. ते दुखावले. "तण?" ते म्हणाले. "ह्याला तण म्हणतात?"

मागच्या वर्षी मुलानं मायामीत घर घेतलं. परसात तीन खरे माड, नारळांनी लगडलेले. आईबाबा, आता इकडंच या, म्हणाला. काका-काकू महिन्यासाठी गेले आणि बारा दिवसांत परतले. मी विमानतळावर घ्यायला गेलो होतो.

"कसे होते माड?"

"असतात." गाडीत बराच वेळ ते गप्प होते. "पाणी नको, गोणपाट नको. रात्री कोणी उठून बघायला नको. आपण मेलो तरी येतीलच नारळ. तिथं बसून मी करू काय?"

मी ह्या गावात बावीस वर्षं राहतोय. गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात. कुठल्या भिंतीला किती वाजता ऊन येतं, पहिलं दहिवर कुठल्या कोपऱ्यात पडतं, बर्फ आधी कुठून वितळतो, ह्यातलं मला काही सांगता येणार नाही. गुहागर परसात आणायला निघालेल्या ह्या माणसाला मात्र न्यू जर्सी तळहातासारखी पाठ आहे.

घरी पोहोचल्यावर काकू बॅगा घेऊन आत गेल्या. काका बूटही न काढता मागच्या बाजूला वळले. पेटीचा तक्ता जरासा सरकला होता. त्यांनी फटीतून हात आत घातला, डोळे मिटले, चाचपलं आणि मान हलवली.

"आज रात्री सोळा सांगितलंय," ते म्हणाले. "ते टोक धर."

मी गोणपाटाचं टोक धरलं.