ग्रॅमोपाध्ये

ग्रॅमोपाध्ये हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव लिफ्टशेजारच्या पाटीवर आहे, पण सोसायटीत ते आता कुणाच्या तोंडी उरलेलं नाही. पुण्यातल्या बऱ्याच पार्किंगांत असा एक गृहस्थ सापडतो. वय पस्तीस ते पंचेचाळीस, नोकरी बरी, घराचं कर्ज आवाक्यात आलेलं, आणि गाडी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. 1.2 लिटरचं इंजिन, 105 अश्वशक्ती, जन्म चाकणचा. जगाच्या लेखी ती हॅचबॅक. ग्रॅमोपाध्यांच्या लेखी स्पोर्ट्‌स कार. मागच्या सीटवर मुलीची खुर्ची बांधलेली असली तरीही. कुणी नुसतं ‘पोलो’ म्हटलं की ते हळूच दुरुस्ती करतात, ‘जीटी’.

ह्या गाडीला हलकी चाकं आणि चांगले टायर घालायचे, एवढाच त्यांचा संकल्प. तो त्यांनी सोडला तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आता तिला बाराचा पाढा येतो.

‘चाकं छान दिसतील हो,’ असं त्यांना चुकूनही म्हणू नये. दिसण्याचा उल्लेख त्यांना लागतो. ते तुम्हाला खांबाशी घेतात आणि अनस्प्रंग वेट समजावतात. स्प्रिंगच्या वर बसलेलं गाडीचं वजन वेगळं. चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली लोंबणारं वेगळं. खड्डा आला की खालचा हा सगळा संसार उसळतो. तो जितका जड, तितकी त्याला पुन्हा रस्त्यावर आणताना स्प्रिंगची दमछाक, आणि तेवढा वेळ टायरची पकड गेलेली. शिवाय चाक नुसतं पुढे जात नाही, फिरतंही. म्हणून गाडीला वेग देताना चाकाच्या कडेवरचा एक किलो जवळजवळ दोन किलोंएवढा नडतो. इथवर विज्ञान आहे आणि ते खरं आहे. पण चाकातला एक किलो म्हणजे डिकीतले दहा, असं ते पुढे सांगू लागले की मी मान डोलावून घर गाठतो. हा दहाचा हिशेब कुणी मांडला, ते आजवर एकाही ग्रॅमोपाध्याने मला सांगितलेलं नाही.

चाकाचं वजन करण्याचा सोहळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. बाथरूममधला वजनकाटा हॉलच्या सपाट फरशीवर येतो. चाक थेट वर ठेवलं तर आकडाच झाकला जातो. म्हणून आधी स्वतः उभं राहायचं, मग चाक पोटाशी कवटाळून उभं राहायचं, आणि वजाबाकी. चाक कवटाळल्यावर खालचं काही दिसत नाही, तेव्हा आकडा वाचायला वहिनी.

‘एक्क्याऐंशी पॉइंट चार.’

‘थांब, श्वास सोडतो. आता?’

‘अहो, श्वासाने काय होणारे? एक्क्याऐंशी पॉइंट चार!’

काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने पुढे सरकतो. एक्सेलच्या तक्त्यात मात्र दशांश चिन्हापुढे तीन घरं भरलेली असतात. मुलांच्या डॉक्टरांनी मुलीचं वजन विचारलं तेव्हा ह्याच गृहस्थांनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं होतं. ‘भाऊजी, तिला पाच बोल्ट असते ना, तर ह्यांना पाठ असतं,’ वहिनी म्हणाल्या.

वजन पसंत पडलं म्हणजे जमलं असं नाही. पत्रिका पुढेच आहे. पीसीडी 5 बाय 100, म्हणजे पाच बोल्ट आणि ते 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. तिथे नाडी जुळली नाही तर पुढचं बोलणंच नको. मग ऑफसेट. चाक चार मिलिमीटर बाहेर गेलं तर टायर मडगार्डला लागायची धास्ती, आत गेलं तर शॉक अॅब्सॉर्बरला. मग मधलं भोक. गाडीच्या हबला 57.1 मिलिमीटर हवं, जपानी चाकाचं 73. हा मंगळ, त्याची शांत म्हणून मधे रिंग बसवायची. सगळं जुळलं, सुपारी फुटणार, तेवढ्यात मानपान निघतो: फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टांची बूड गोल, बाहेरच्या चाकांना बहुधा शंकूच्या आकाराचं लागतं. म्हणजे वीसच्या वीस बोल्ट नवे.

त्यांच्या स्वप्नात येणारं चाक म्हणजे रेज कंपनीचं टीई37. सहा आरे, फोर्ज्ड, 1996पासूनचं; 15 इंची चाक 3.7 किलोंचं भरलं म्हणून नावात 37. त्याच्या नकला गल्लोगल्ली मिळतात. सिग्नलला शेजारी असं नकली चाक येऊन थांबलं की ग्रॅमोपाध्ये काच वर करून घेतात. खरं चाक खिशाला झेपेना, तेव्हा मन एन्काईच्या आरपीएफ1वर बसलं. ह्याच एन्काईचा कारखाना नगर रस्त्याला, शिक्रापूरला आहे, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. एके काळी समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावं लागे. चाकांच्या बाबतीत ते न ओलांडणाऱ्याला आहे.

टायरांचं प्रकरण ह्याहून लांबलं. जून 2020मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले. तेव्हा लोकांच्या जिवाला वेगळे घोर लागले होते. ग्रॅमोपाध्ये मास्क लावून गॅलरीत उभे राहत आणि टायरांबद्दल सुस्कारे सोडत. पुढे दुकानं उघडली, तशी त्यांची तपासणी सुरू झाली. गुडघ्यावर बसायचं, मोबाइलचा दिवा लावायचा आणि टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे. 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. ‘शिळा आहे,’ असं म्हणून ते उठत, आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे. मग ट्रेडवेअर. आकडा दोनशेच्या घरात असला की रबर मऊ, पकड घट्ट आणि आयुष्य थोडं. पण हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी घेऊन छापते, त्यामुळे एकीचा दोनशे दुसरीच्या दोनशेसारखा असेलच असं नाही. ह्यावर त्यांचा स्वतंत्र तक्ता आहे.

एकदा मी बोलून गेलो की 185ऐवजी 205 रुंदीचा, कडक भिंतीचा टायर घेतलात तर चाकात वाचवलेलं वजन रबरातून परत यायचं. त्यानंतर बरेच दिवस ते मला पाहून जिन्याने जात.

चाकं शेवटी बसली. त्यासाठी त्यांनी घरून टॉर्क रेंच नेला होता. टायरवाल्याचा पोरगा पान्ह्यावर उभा राहून बोल्ट आवळण्यात वाढलेला. त्याला त्यांनी 120 न्यूटन मीटर म्हणजे काय ते शिकवलं. रेंच ‘कट्’ वाजला की थांबायचं. पोरगा थांबला, आणि साहेब पैसे द्यायला वळताच सवयीने प्रत्येक बोल्टावर पाय देऊन आला. मी पाहिलं, सांगितलं नाही.

मग रविवारी पहाटे ताम्हिणी. पहाटेच जावं लागतं, कारण नंतर सगळं पुणं कणसं खायला तिथेच येतं. पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं, ‘जाणवलं?’

‘हो,’ मी म्हणालो. मला पोटात जाणवलं होतं.

‘फीडबॅक केवढा सुधारलाय!’

परतीच्या वाटेवर जिथे जिथे रस्ता खोदला होता, तिथे आम्ही पायी चालणाऱ्याच्या वेगाने, तिरके आलो. सोसायटीच्या गतिरोधकावर तर वॉचमनने बाजूला उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ केलं.

2022मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं. अलीकडे त्यांनी ती विकून जुनी ऑक्टेव्हिया व्हीआरएस घेतली. चाकं मात्र विकणाऱ्याच्या अटीवर काढून ठेवली, म्हणजे स्वतःच्याच. नव्या गाडीचा पीसीडी 5 बाय 112.

‘म्हणजे ही चाकं ह्या गाडीला बसणारच नाहीत?’ वहिनींनी विचारलं. चारही चाकं दिवाणाखाली गेली होती आणि गौरी-गणपतीचं सामान दिवाणावर आलं होतं.

‘नाही बसत.’

‘मग घरात कशाला?’

‘अगं, साडेसहा किलोचं तर एकेक आहे,’ ग्रॅमोपाध्ये वजनकाट्यावरची धूळ पुसत म्हणाले. ‘त्यांची कसली अडचण?’