विजेचे बिल आणि चकली

मराठी माणसाने नोकरीच्या मागे न लागता उद्योगधंद्यात पडावे, हा उपदेश आमच्या बालपणापासून इतक्या सभांतून आणि इतक्या तन्मयतेने होत आला आहे की, तो करणारे बहुतेक वक्ते पेन्शनर असतात, इकडे कोणाचे लक्षच जात नाही. आमच्या पुतण्याने मात्र तो मनावर घेतला आणि सदाशिव पेठेतील वडिलोपार्जित घराच्या मागील सोप्यात भाजणीच्या चकल्यांचा कारखाना काढण्याचा संकल्प सोडला.

सरकारला दोष द्यावा, तर तसेही नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मोजकेच कामगार असलेल्यांना केवळ सूचना देण्याची मुभा दिली आहे, जरी लोक त्यालाही अद्याप 'गुमास्ता काढणे' असेच म्हणतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून घरबसल्या आणि निःशुल्क होते. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापला आणि, नफा होवो वा न होवो, व्यवसाय कराचे वार्षिक २,५०० रुपये भरले, की माणूस बहुतांशी निर्वेध झाला. वस्तू व सेवा करातही ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या मालविक्रेत्यास सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही; परंतु पुतण्याला पहिली मागणी आली ती बेळगावच्या दुकानदाराची, आणि चकलीने राज्याची सीमा ओलांडली की ही माफी संपुष्टात येते. तेव्हा महाराष्ट्राच्या २७ या आकड्याने आरंभ होणारा आणि पोटात पॅन बाळगणारा पंधरा अक्षरी क्रमांक घेणे ओघानेच आले.

कर सल्लागाराने सारी कागदपत्रे नजरेखालून घातली, नमुन्याच्या चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारले, "काका, लाइट बिल कोणाच्या नावावर आहे?"

बिल आमच्या तीर्थरूपांच्या नावावर होते. त्यांना कैलासवासी होऊन दोन तपे लोटली; तथापि वीज कंपनीच्या दफ्तरी ते हयात असून, मुदतीत बिल भरणारे सद्गृहस्थ म्हणून त्यांचा लौकिक आहे. कायद्याला जागेच्या मालकाचे संमतिपत्र हवे होते. जो समोर उभा आहे, ज्याच्या हातांना भाजणीचा वास येतो आहे, त्या पुतण्याला पत्त्याचा पुरावा नाही; आणि ज्यांचा पुरावा खणखणीत आहे, ते आजोबा स्वाक्षरीस येऊ शकत नाहीत!

मग वारसांची ना हरकत मिळविण्याची मोहीम निघाली. नाशिकच्या ताईंनी, आधी चकली खाईन, मग सही करीन, अशी रास्त अट घातली. दादरच्या दादांनी, सहीबरोबर घरावरचा हक्क तर जात नाही ना, हे वकिलास विचारण्याकरिता कागद ठेवून घेतला. आणि न्यू जर्सीच्या धाकट्या बंधूंनी तत्काळ मोबाइलवर पिवळा अंगठा पाठविला. अंगठ्याला सरकारदरबारी पूर्वापार मान असला, तरी हा अंगठा ग्राह्य नाही, असे कळले.

क्रमांक अखेर मिळाला. दिवाळीच्या चकल्या संक्रांतीला बेळगावास पोहोचल्या आणि तिळगुळाच्या जोडीने खपल्याही. म्हणून धंद्यात पडू इच्छिणाऱ्या तरुणांस इतकेच सांगणे आहे: भांडवलाची आणि गिऱ्हाइकाची चिंता मागाहून करावी; आधी घरातील विजेचे बिल काढावे, त्यावरील गृहस्थ हयात आहेत ना ते पाहावे, आणि असल्यास त्यांची सही आजच घेऊन ठेवावी.