खिळेवाला मुख्यमंत्री

"अगं, कुंपणाची ही फळी निखळलीय. दोन खिळे असतील तर दे."

"देते काकू. पण केलोनात खिळ्यांना कमी लेखू नका हं! इथला एक हार्डवेअरवाला सलग वीस वर्षं ब्रिटिश कोलंबियाचा मुख्यमंत्री होता. इकडे प्रीमियर म्हणतात."

"कोण गं?"

"डब्ल्यू. ए. सी. बेनेट. काल लेकीनं तुम्हाला ज्या पुलावरून नेलं ना, त्याला त्याच्याच मुलाचं नाव आहे. ह्याचा जन्म पार कॅनडाच्या पूर्वेकडे, न्यू ब्रन्सविकात, 1900 सालचा. 1930मध्ये इथं येऊन दुकान घेतलं. आणि गंमत बघा, स्वतः दारूला शिवायचा नाही, पण वाइनचा कारखाना काढणाऱ्यांत मात्र पुढं!"

"म्हणजे देव्हारा वेगळा, गल्ला वेगळा!"

"1941मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा आमदार झाला. नेतेपद काही मिळेना, म्हणून 1951मध्ये पक्ष सोडून सोशल क्रेडिटवाल्यांत गेला. 1952च्या निवडणुकीत त्यांना 19 जागा, दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला 18. हा नेता होऊन थेट खुर्चीत!"

"हे अगदी आपल्याकडच्यासारखं."

"पण कामाचा झपाटा होता. रस्ते बांधले, पीस नदीवर धरण, 1960मध्ये सरकारी फेरीबोटी. 1961मध्ये तर खासगी वीज कंपनीच सरकारजमा केली."

"एवढा पैसा कुठला?"

"तीच तर मजा! 1959मध्ये यानं जाहीर केलं, आपला प्रांत कर्जमुक्त झाला. ह्याच ओकानागन तळ्यात तराफ्यावर रद्द झालेले रोखे रचले, माणसं जमवली आणि पेटता बाण सोडला. बाण आपटून बाजूला गेला! शेवटी आडोशाला बसवलेल्या पोलिसानंच म्हणे आग लावली."

"कर्ज तरी फिटलं होतं का?"

"कुठलं हो! रेल्वे, टोलचे पूल अशा सरकारी संस्थांच्या नावावर होतं. सरकारची वही कोरी, हमी मात्र सरकारचीच."

"आमचा वाणी हेच करायचा. बापाची उधारी मिटवली म्हणायचं आणि पोराच्या नावानं नवं पान काढायचं."

"पोराचं म्हणाल तर, 1972मध्ये हा हरला. पुढच्या वर्षी आमदारकी सोडली, तर त्याच जागेवर मुलगा बिल निवडून आला. 1975मध्ये तोही मुख्यमंत्री!"

"बघ! राज्य केलं वीस वर्षं, पण उठला तो दुकानदारासारखाच, गल्ला पोराच्या हाती देऊन. आण आता ते खिळे."