पाचशे रुपयांचा मालक

पुण्यात एक कोटीचा फ्लॅट घेणाऱ्या माणसाला गृहनिर्माण सोसायटी शेवटी जे भागप्रमाणपत्र देते, ते ५० रुपयांच्या १० शेअर्सचं असतं. दर्शनी किंमत ५०० रुपये. प्रवेश फी १०० रुपये, ती वेगळी. हा कागद कपाटात जपून ठेवावा म्हटलं, तर कर्ज देणारी बँक तोही मागून घेते. मालकाकडे झेरॉक्स उरते.

पण त्या ५०० रुपयांपर्यंत पोहोचायला खर्च किती! कोटीच्या करारावर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख. नोंदणी फी ३० हजार. इमारत अजून खड्ड्यात असेल, तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार इमारत घेतली तर हा जीएसटी लागत नाही. पण तयार इमारतीत भिंती प्रत्यक्ष दिसतात, त्यामुळे स्वप्नं बघायला जागा राहत नाही. पदरचे भरून उरलेल्या ८० लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं महिना सत्तर हजारांच्या आसपास. वीस वर्षांत बँकेला दीड कोटीहून जास्त देऊन माणूस एक कोटीच्या घराचा मालक होतो, आणि वर सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीवाला त्यालाच विचारतो, 'कुठल्या फ्लॅटला जायचंय?'

या सगळ्यात एक गोष्ट मात्र चांगली झाली. महाराष्ट्रात खरेदी फक्त बाईच्या नावाने असेल, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की सवलत गेली. स्त्रीच्या नावावर मालमत्ता असावी म्हणून सुधारकांनी आयुष्यं वेचली. इथे कोटीवर लाख रुपये वाचतात म्हटल्यावर भलेभले पुरुष एका रात्रीत सुधारक होतात. दारावरची पाटी तेवढी जुनीच राहते.

आता घरात शिरू. घराआधी कार्पेट. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्ण लागू झाला आणि 'सुपर बिल्टअप' नावाच्या भुताला बाटलीत बंद केल्याचं आपल्याला सांगण्यात आलं. रेराच्या कार्पेट क्षेत्रफळात बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत, हे बरंच आहे. आतल्या भिंतींखालची जागा मात्र धरतात. म्हणजे ज्या गालिचावर भिंत उभी आहे, त्याही गालिचाचे पैसे आपण देतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे जाणवत नाही. तिथला पलंग जरा आखूड असतो, कपाटाला खोली नसते, दारं काढून टाकलेली असतात आणि एका भिंतीवर आरसा असतो. तसल्या पलंगावर झोपणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

ब्रोशरमधल्या सुविधांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या लिहिण्याइतक्याच खऱ्या असतात. 'रिव्हर व्ह्यू' तेवढा पक्का. मुळा-मुठेकाठच्या केशवनगर-खराडी भागात फेब्रुवारी २०२४ मध्ये डासांसारख्या किड्यांचे मनोरेच्या मनोरे आकाशात फिरताना अख्ख्या देशाने व्हिडिओत पाहिले. नदीदर्शनाचे जादा पैसे भरलेल्यांनी ते बाल्कनीतून फुकट पाहिले. आणि जलतरण तलाव. उन्हाळ्यात टँकर येतो, पहिला टँकर पिण्याच्या टाकीत की तलावात, यावर कमिटीत मतदान होतं. तलाव जिंकल्याचंही ऐकलं आहे, कारण तलाव कोरडा दिसला तर रीसेलचा भाव पडतो. तहान बाहेरून दिसत नाही.

पार्किंगचं तसंच. खांबांमधलं पार्किंग ही इमारतीची सामायिक जागा, ती फ्लॅटसारखी सुटी विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. तेव्हापासून ते कोणी विकत नाही. फक्त 'अलॉट' करतात. आकडा तोच राहतो, पावतीवरचा मथळा बदलतो.

राहायला आल्यावर माणसाच्या तत्त्वांची खरी परीक्षा मेंटेनन्सच्या पहिल्या बिलाला होते. महाराष्ट्रात फ्लॅटवाल्यांचे दोन पंथ आहेत. एक सहकारी सोसायटीवाल्यांचा, १९६० च्या सहकार कायद्याखालचा. दुसरा अपार्टमेंटवाल्यांचा, १९७० च्या कायद्याखालचा, जो पुण्यात पुष्कळ आढळतो. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं. एक बीएचके असो की चार. अपार्टमेंटमध्ये प्रत्येकाचा सामायिक जागेत अविभक्त हिस्सा असतो आणि खर्च त्या हिश्श्याच्या प्रमाणात. मोठा फ्लॅट, मोठं बिल. परिणामी चार बीएचकेवाले गृहस्थ समतेवर बोलू लागतात: 'लिफ्ट सगळ्यांना सारखीच ना? वॉचमन सगळ्यांना सारखाच ना?' एक बीएचकेवाले सामाजिक न्यायावर बोलतात: ज्याला परवडतं त्याने जास्त द्यावं. पुढे एक बीएचकेवाल्याला बढती मिळते, तो त्याच इमारतीत तीन बीएचके घेतो, आणि पुढच्या सभेत समतेचं इतकं घणाघाती समर्थन करतो की टाळ्या पडतात. तळमजल्यावरचे लिफ्टचे पैसे देणार नाहीत म्हणतात. त्यांना उपविधी दाखवावा लागतो: लिफ्ट असलेल्या इमारतीत लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, वापरा की नका वापरू. त्या रात्रीपासून तळमजल्याची मुलं लिफ्टने गच्चीपर्यंत जाऊन परत येतात.

पण सोसायटीजीवनाचा गाभा म्हणजे गळती. बाकी सगळं आनुषंगिक.

आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ही त्या फ्लॅटवाल्याची. नियम इतका स्वच्छ आहे की त्यातून भांडण निघू नये. पण पाण्याला उपविधी वाचता येत नाही. ते ५०३ मध्ये शिरतं, स्लॅबमधून आडवं चालतं आणि ४०३ च्या बेडरूममध्ये भारताच्या नकाशासारखा डाग उमटवतं. मग ४०३ तक्रार करतात. कमिटी पाहणी करते आणि एकमताने ठरवते की पाणी ५०३ च्या बाथरूमचं आहे, कारण ते सोसायटीचं निघालं तर फंडातून खर्च होईल. ५०३ म्हणतात, बाहेरच्या भिंतीला भेग आहे, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. हे खरंच असतं. पाणी खाली गेलं म्हणजे वर कोरडंच राहणार.

मग प्लंबर येतो. तो डाग बघत नाही, आधी घरातलं फर्निचर बघतो. 'टाइल्स फोडाव्या लागतील' हे त्याचं निदान डाग न बघताही तयार असतं. ५०३ ने नुकत्याच हजारो रुपयांच्या टाइल्स बसवलेल्या असतात, त्या बसवतानाच खालचं वॉटरप्रूफिंग फुटलेलं असतं, आणि हे सांगायचं धाडस ज्याच्यात आहे असा माणूस त्या इमारतीत राहत नाही. पावसाळ्यात काम काढता येत नाही, ओल वाळली पाहिजे, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर डाग फिका होतो. आता कुठे गळतंय? उन्हाळ्यात ४०३ स्वतःच्या पैशाने रंग देतात. जूनमध्ये भारत पुन्हा उमटतो, या वेळी श्रीलंकेसह.

४०३ ची दया येऊ लागली असेल तर थोडं थांबा. ४०३ च्या बाथरूमखाली ३०३ आहे. ३०३ च्या छताला ओल आली, तेव्हा ४०३ ने दिलेलं उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदलेलं आहे: आमच्याकडे सगळं कोरडं आहे.

सगळ्याच इमारतींचं असं चालतं, आणि पैसा आडवा येतो असं नाही. पैसा जमवण्याची कल्पना आडवी येते. उपविधी सांगतात, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात टाका, पाऊण टक्का दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. नवीन इमारतीत म्हणतात, आत्ताच कशाला? जुन्या इमारतीत म्हणतात, आता रिडेव्हलपमेंटलाच जाईल, कशाला? नवी आणि जुनी यांच्या मधला एखादाच आठवडा असतो, तेव्हा सेक्रेटरी गावाला गेलेले असतात. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा, तीस उलटली की दर तीन वर्षांनी, असंही लिहिलेलं आहे. ऑडिटर कॉलमकडे बोट दाखवून अंदाजपत्रक देतो, दर फ्लॅटमागे रक्कम निघते, सभेत शांतता पसरते आणि ठराव होतो: तूर्त लॉबीला ग्रॅनाइट बसवून बाहेरून रंग द्यावा. भेग रंगाखाली जाते. सगळ्यांना हायसं वाटतं.

हे ठराव जिथे होतात ती वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कोरम दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला कमी आकडा. तेवढेही येत नाहीत. सभा अर्धा तास तहकूब होते आणि नंतर जे कोणी असतील त्यांच्यात होते. दोनशे कुटुंबांचं भवितव्य नऊ निवृत्त गृहस्थ आणि वडे संपायच्या आत आलेले दोघे ठरवतात. हिशेब, फंड, दुरुस्ती हे विषय दहा मिनिटांत मंजूर. मग येतात 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय': कुत्री, गच्चीवर वाळत घातलेले पापड, आणि बॅचलर भाडेकरू, ज्यांना घरं द्यायला सगळ्यांचा विरोध असतो आणि ज्यांचं भाडं सगळ्यांनाच हवं असतं. यावर तीन तास. न आलेले एकशे एकोणनव्वद जण सभा संपल्यावर व्हॉट्सअॅपवर येतात आणि विचारतात, 'हे कोणी ठरवलं?'

१९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली, देशातल्या पहिल्यांपैकी एक. घरमालकाच्या मर्जीवर जगायला नको, चार माणसांनी एकत्र येऊन आपलं छप्पर आपण सांभाळावं, ही कल्पना होती. शंभर वर्षांत घरमालक गेला. आता आपणच दोनशे घरमालक आहोत, आणि छपराचं कोणी बघायचं ते ठरलेलं नाही.

छपराखालच्या जमिनीचं तर विचारूच नका. फ्लॅट आपल्या नावावर, कर्ज आपल्या नावावर, मालमत्ता कर आपल्या नावावर. जमीन अनेक ठिकाणी आजही बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावावर हस्तांतरण, व्हायला हवं. बिल्डर ते करत नाहीत, कारण वाढीव एफएसआय उद्या जमीन ज्याची त्यालाच मिळणार. म्हणून २००८ मध्ये कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली: बिल्डरने सही केली नाही तरी सोसायटीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि जमीन नावावर करून घ्यावी. त्यासाठी कागद जमवावे लागतात, खेटे घालावे लागतात आणि पापडांवरच्या चर्चेतून थोडा वेळ काढावा लागतो.

तेव्हा वाचकहो, येत्या सभेला या, आणि कोरम मोडायच्या आत या. उभे राहून एवढंच विचारा की आपल्या इमारतीचं कन्व्हेयन्स झालं आहे का. विचारणाऱ्यालाच त्या सभेत सेक्रेटरी करतात. व्हा.