गाळ्यांचं भाडं आणि बाजीरावाचा तह

"वहिनी, तुमच्या बाजूने तेवढा कावळा हाका हो! केव्हाचा माझ्या पापडांवर टपलाय."

"हाऽऽड! गेला. पोह्याचे वाटतं? बरं, रविवारच्या मीटिंगला तुम्ही नव्हतात. काय रंगली म्हणून सांगू!"

"रोह्याला माहेरी गेले होते हो. झालं काय?"

"तीन वॉचमनचे दोन केले."

"म्हणजे वर्गणी उतरली."

"कसली उतरते! एजन्सीने दर वाढवले. मागच्या ओळीतले म्हणतात, गेट आमच्यापासून लांब, आम्ही अर्धीच देणार. मुंबईवाले म्हणतात, आम्ही इथे राहतच नाही, आम्हाला राखण कशाला?"

"अहो, राखण बंद घराचीच तर लागते!"

"तेच म्हटलं मी. शेवटी एजन्सीचा माणूस म्हणतो, दर महिन्याला कुठे दारोदार फिरायचं? गेटजवळच्या दोन गाळ्यांचं भाडं आमच्या नावे करा, आम्ही परस्पर घेऊ. अध्यक्ष मान डोलवायला लागले. आणि आमचे हे उठले!"

"आला बाजीराव!"

"न येऊन सांगतो कुणाला? जन्मभर इतिहास शिकवलाय. म्हणाले, 1802 साली होळकरांनी हडपसरला पेशव्याला झोडपलं, दुसरा बाजीराव महाडला पळाला, तिथून समुद्राने वसई गाठली. 31 डिसेंबरला तह. इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज पदरी आणि तिच्या खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख! रोख थकते हो, मुलूख थकत नाही."

"म्हणजे फौज पेशव्याची?"

"छे! राखण पेशव्याची, हुकूम कंपनीचा. तरी बाजीरावाने वेळेला आपले पाच हजार स्वार आणि तीन हजार पायदळ द्यायचं ठरलं होतं. 1817 च्या जूनमध्ये पुण्याचा तह झाला, त्यात इंग्रज म्हणाले, तुम्ही कशाला तसदी घेता, आम्हीच ठेवतो माणसं. 34 लाखांचा मुलूख तेवढा द्या. वर्षभरात पेशवाईच गुंडाळली. एवढं सांगून हे खाली बसले, तर मागून कुणीतरी विचारतं, सर, मग वॉचमन दोन की तीन?"

"अगोबाई! त्यापेक्षा आमचं रोहं बरं. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुका घेऊन सलामी देतात. देवाला कुणी बिल पाठवत नाही."

"देव वर्गणी बुडवत नाही ना!"

"पण ठरलं काय शेवटी?"

"एजन्सीवाला कागद काढणार, एवढ्यात एक पोरगा बोलून गेला की गाळे दोन वर्षं रिकामेच आहेत. भाडेकरू आहे कुठे?"

"म्हणून अध्यक्ष मान डोलवत होते!"

"त्या माणसाने चहा अर्धा टाकला आणि... काकू, कावळा! पाटाकडून आला बघा!"