पिशवी नसलेला बाजार

मध्यवस्तीचं पुनरुज्जीवन करायचं ठरलं की आधी एक चित्र काढतात. रस्ता, गटार, पाणी वगैरे किरकोळ बाबी चित्राच्या मागून येतात, किंवा येत नाहीत. हे चित्र तुम्ही पाहिलंय. कोवळं ऊन, दुतर्फा एकाच उंचीची झाडं, खाली अशी लख्ख फरशी की नगरच्या धुळीनेही चपला काढून यावं. वर ठळक अक्षरांत ‘दूरदृष्टी 2047’ आणि खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’. अख्ख्या आराखड्यात खरं वाक्य तेवढंच.

या चित्रात आपला कापडबाजार बसवलेला असतो आणि कापडबाजारात माणसं. त्या माणसांचे हात बघा. एका तरुणीच्या हातात कॉफीचा कागदी पेला. शेजारच्याच्या हातात पट्टा, पट्ट्याला गोरापान कुत्रा. पोराच्या हातात लाल फुगा. एक गृहस्थ दोन्ही हात खिशात घालून झाडाचा शेंडा न्याहाळतायत. पिशवी एकाच्याही हातात नाही.

अहो, बाजार आहे ना हा? पारनेर, पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंदा, पार शेजारच्या आष्टीपर्यंतची माणसं इथे येतात ती बस्ता बांधायला. बस्त्याचं वऱ्हाड म्हणजे कमीत कमी एक जीप. नवरी, नवरीची आई, दोन मावश्या, एक आत्या (रुसण्याचं खातं तिच्याकडे) आणि दाराजवळ पाकिटावर हात ठेवून बसलेला बाप. गादीवर मांडी घालायची, सेल्समनने साड्यांचा ढीग लावायचा, आत्याने ‘याच्यातच दुसरा काठ दाखवा’ म्हणायचं, आणि ढीग पुन्हा पहिल्यापासून. शालू झाला, मानपानाच्या साड्या झाल्या, टॉवेल-टोप्या झाल्या, मग चहा पिताना कुणाच्या तरी लक्षात येतं की धाकट्या चुलत्यांकडचं राहिलंच. शेवटी गाठोडी इतकी होतात की परतीच्या जीपमध्ये बापाला जागा उरत नाही. आता ही गाठोडी चित्रात शोधा. नाहीत. कॉम्प्युटरात चिकटवायला फुगा तयार मिळतो, गाठोडं मिळत नाही. म्हणजे 2047 साली बस्त्याला यायचं आणि फुगा घेऊन जायचं. व्याह्यांना मानाचा फुगा, विहीणबाईंना जरीच्या दोऱ्याचा. आत्याला दोन, नाहीतर मांडवातच फोडेल. आणि ज्या नवरीचा हा बस्ता, ती सध्या पाळण्यात आहे बरं का! तिच्या आजीचा बस्ता याच धक्क्याबुक्क्यांत बांधला, आईचा याच धक्क्याबुक्क्यांत बांधला. हिची तेवढी सोय होणार, फक्त तिने मोठं व्हायची घाई करू नये.

पिशवी गेली म्हणजे पिशवी भरणारेही गेले. आडते बाजारात पाठीवर पोतं घेऊन ‘चला, बाजूला’ म्हणत घुसणारा हमाल चित्रात नाही. दाळ मंडईतला टेम्पो नाही, मोची गल्लीतला क्लिपा-बांगड्यांचा स्टँड नाही, हातगाडी तर औषधालाही नाही. फेरीवाल्यांसाठी देशात 2014 साली कायदा झाला. सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, आणि जागा ठरवणाऱ्या समितीत निदान 40 टक्के फेरीवालेच असावेत, असं त्यात लिहिलंय. चित्रकाराला सर्वेक्षण लागत नाही. खोडरबर फिरवलं की अख्खी रांग साफ, पोलीस बंदोबस्तही नको. प्रत्यक्षात हा तिढा कसा आहे ते रोज इथून जाणाऱ्याला विचारा. दुकानदाराला दारातली हातगाडी नको, हातगाडीवाल्याला दुकानाचीच पायरी हवी, दोघांनाही गिऱ्हाइकाची मोटारसायकल नको आणि दोघांनाही गिऱ्हाईक हवं. यातून वाट काढायला दूरदृष्टी कशाला, जवळचं दिसलं तरी पुरे.

या पेठेत पूर्वी कामं झटपट व्हायची. 8 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रज जनरल वेलस्लीची फौज आली, पेठेच्या तटाला शिड्या लावल्या आणि पेठ घेतली. भुईकोट किल्ल्याला आणखी चार दिवस लागले, पेठेला एक सकाळ. त्याच्या छावणीतल्या एका मराठा सरदाराने पुण्याला कळवलं, की हे अजब लोक आहेत; सकाळी आले, तट बघितला, चढून गेले, शिबंदी कापली आणि न्याहारीला परतले. त्याच वेलस्लीला लग्नसराईत चितळे रोडने तेलीखुंटापर्यंत येऊन दाखव म्हणावं. शिड्या लावायला भिंत दिसणार नाही, भिंतीला स्कूटर टेकलेल्या असतील. तोफेला पार्किंग मिळणार नाही. न्याहारीचं सोडा, भिंगारवाला चौकात अडकलेली त्याची फौज संध्याकाळी सेलमधले टॉवेल घेऊन तह करून निघून जाईल. आमच्या पेठेला पाडाव ठाऊक आहे, वेढा ठाऊक आहे. पुनरुज्जीवन तेवढं तटाबाहेर मुक्काम ठोकून आहे.

इथवर हसण्यावारी नेलं. आता त्या आत्याकडे बघा. सकाळी गावाहून निघालेली बाई, मे महिन्याचं ऊन, दुकानदार तांब्या पुढे करतो आणि ती ‘नको’ म्हणते. तहान नसते म्हणून? पाणी प्यालं तर जायचं कुठे, म्हणून! दुकानदार भला असला तर माडीवरच्या खोलीची किल्ली देतो; नसला तर ‘आपल्याकडे सोय नाही हो ताई’. घरातल्या एका लग्नापायी दिवसभर पैसे मोजणाऱ्या बाईने हे चारचौघांत, पोरसवदा सेल्समनला, खालच्या आवाजात विचारायचं. नवरीला सांगायचं, तूही फार पिऊ नकोस. फुटपाथवर बांगड्या विकणारी बाई तर हे वर्षाचे बारा महिने करते आणि पुढे दवाखान्यात पैसे भरते. आणि आराखड्यात या जागी काय? गाण्यावर नाचणारं कारंजं! पाण्याला नाचायला जागा आहे, बाईला जायला नाही. 1490 साली वसलेलं हे गाव. निजामशाहीत कापूरवाडी, भिंगार, शहापूर, वडगावहून जमिनीखालून खापरी नळ टाकून इथवर पाणी आणलं होतं. त्या लोकांनीही महाल बांधले, हौद बांधले, हौस म्हणाल तर आपल्यापेक्षा चौपट केली. पण आधी पाणी आणलं, मग हौस केली. आपण पाचशे वर्षं पुढे येऊन आधी हौसेचं चित्र काढतो आणि मुतारीचा विषय निघाला की सगळे झाडाचा शेंडा न्याहाळतात.

हरकती आणि सूचना मागवायची पद्धत असते, तेव्हा ही एक लिहून घ्या. भिंगारवाला चौक ते तेलीखुंट या पट्ट्यात बायकांसाठी चार स्वच्छतागृहं बांधा. सेल्फी पॉइंट त्यांच्यावर काढू नका, उद्घाटनाची कोनशिला हवी तेवढी मोठी लावा. आत नळ असावा, नळाला पाणी असावं, दिवा असावा, दाराला आतून कडी असावी आणि झाडणाऱ्या बाईला पगार वेळेवर मिळावा. एवढं करा, आणि मग मुखपृष्ठावर 2047 चं खुशाल 2147 करा. आमची काही हरकत नाही.